जुन्या फिरत्या घराचा भरवसा
(मंडळाच्या मासिक सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मराठी मंडळाच्या व्यासपीठावरून ज्ञानेश्वरी किंवा नाट्यसंगीत यांवर बोलावे, असा प्रघात आहे. जुन्या कॅम्पर गाड्यांवर बोलण्याचे धाडस आम्ही पाच सभासद मिळून करीत आहोत; दोष असल्यास तोही पाचांत वाटून घ्यावा. तशी होसकोट्याला मराठी छावणी नवी नाही. १७६८ च्या ऑगस्टात मुरारराव घोरपडे यांच्या येथील तळावर हैदरअलीने रात्री छापा घातला होता. आमची छावणी चार चाकांवरची, एवढाच फरक.

निमित्त असे घडले. आमच्यातील एका ८२ वर्षांच्या काकांना कमरेचे हाड मोडल्यापासून दोन तासांहून अधिक बसवत नाही. राधानगरीकडील आपले गाव एकदा पाहावे, एवढीच त्यांची इच्छा. रेल्वेत आडवे पडता येते, हे खरे. परंतु स्थानकापासून गावापर्यंतचा रस्ता आणि तेथील दोन रात्री यांचे काय? म्हणून पाच घरांनी वर्गणी काढून निजायची सोय असलेली जुनी गाडी घ्यावी, असे ठरले. एका घराने त्यासाठी मुदतठेव मोडली. त्यामुळे ही निव्वळ हौस राहिली नाही.

आपल्याकडे अशी गाडी म्हणजे बहुधा ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेले घर. आकुर्डीच्या बजाज टेम्पोने १९८७ साली ती आणली. कंपनीचे नाव २००५ मध्ये फोर्स मोटर्स झाले. घडण मर्सिडीझच्या व्हॅनवरून घेतलेली आणि जुन्या एंजिनांची परंपरा मर्सिडीझच्याच ओएम ६१६ या डिझेल एंजिनाशी पोहोचणारी. ते एंजिन साधे, दीर्घायुषी आणि रस्त्याकडेच्या मिस्त्रीला उलगडणारे. परंतु गाडीचा भरवसा म्हणजे एंजिनाचा भरवसा नव्हे, हे आम्हांस उशिरा कळले.

पहिली गाडी गोव्याकडील होती. पांढरी शुभ्र, नवे पडदे, चकचकीत शेगडी, आणि किलोमीटरचा आकडा इतका लहान की आम्ही हरखलो व त्याच भरात इसार देऊन बसलो. मग मिस्त्रींना नेले. त्यांनी एंजिनाकडे पाहिलेसुद्धा नाही. खिडकीखालच्या प्लायवूडवर अंगठा दाबला. तो आत रुतला. छताला वायुवीजनासाठी पाडलेल्या भोकाभोवतीचे सील वाळून फुटले होते आणि तेथून पाणी झिरपून भिंत आतून कुजली होती. पायपोस उचलताच खालच्या पत्र्याची पापुद्र्यांसारखी शकले निघाली. खाऱ्या हवेत तीन वर्षे झाडाखाली उभी असलेली गाडी ती! कमी धावलेली गाडी चांगली, हा आमचा समज त्या दिवशी गेला. उभ्या गाडीत रबरी नळ्या तडकतात, ब्रेकच्या तेलात हवेतील ओलावा मुरतो, टाकीत पाणी साठून गंज धरतो, बॅटरी निकामी होते. टायरची नक्षी शाबूत असते, पण बाजूवर कोरलेल्या चार आकड्यांतले शेवटचे दोन त्याचे जन्मवर्ष सांगतात. तेथे ‘१४’ असे होते. नक्षी पाहून फसू नये. परदेशांत फोक्सवॅगनच्या नावाजलेल्या जुन्या कॅम्परांना आग लागण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे जीर्ण झालेली इंधनाची नळी.

इसार परत मिळाला नाही. त्यावरून दोन बैठका कडवट झाल्या, हेही नमूद केले पाहिजे.

दुसरी गाडी कुरूप होती. बंपर एका बाजूने चेपलेला, रंग दोन छटांचा. परंतु मालकाने बिलांची फाइल पुढे ठेवली. गाडी दर महिन्यास धावलेली. मिस्त्रींनी आधी बॉनेटवर हात ठेवून एंजिन थंड असल्याची खात्री केली, कारण तापवून ठेवलेले एंजिन पुष्कळ लपवते. मग चालू करून धूर पाहिला. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते, तो नव्हता. ऑइलचे झाकण काढल्यावर वाफेचे भपकारे आले नाहीत. मागचे पाटे मात्र बसलेले होते. पलंग, पाण्याची टाकी, कपाटे यांचे ओझे त्यांवर कायम असते आणि तेच ओझे ब्रेकनाही थांबवावे लागते. गॅसच्या कप्प्याला तळाशी झरोका नव्हता. स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड, तो खालीच साचतो; झरोका आम्ही पाडून घेतला.

कागद तपासण्याचा आम्हांस कंटाळा आला, तरी तो करावाच. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण, तेही गाडी तपासणीत उतरली तर. परराज्यातील गाडी १२ महिन्यांहून अधिक ठेवायची तर नवा क्रमांक आणि येथील कर. त्याशिवाय गाडीतील बदल आरसीवर चढलेला हवा. प्रवासी गाडीत परस्पर पलंग ठोकून ती कायद्याने घर होत नाही.

पाटे, टायर, ब्रेकच्या नळ्या, सारे बदलून आम्ही निघालो. दावणगेरे ओलांडल्यावर रेडिएटरची नळी फुटली. तेवढी एकच आम्ही बदलली नव्हती; सुदैवाने जोडीला घेतलेली होती. तासाभराचा खोळंबा झाला. काका पलंगावर पडून चहा पीत विचारत होते, “घाट आला का रे?” गाव त्यांनी पाहिले. परसातला फणस तोडलेला निघाला, त्यावर ते बराच वेळ बोलले नाहीत.

गाडी सध्या एका सभासदाच्या आवारात असते. ती उभी राहून बिघडू नये म्हणून दर रविवारी कोलारच्या रस्त्यावर वीस किलोमीटर फिरवून आणण्याची पाळी लावली आहे. पुढच्या रविवारची पाळी अद्याप कोणी घेतलेली नाही.