पहिल्या दिवसाचा हिशेब



जूनच्या मध्यावर जिल्हा परिषदेच्या शाळांना आंब्याच्या पानांची तोरणं लागतात. पहिलीतल्या पोरांना ट्रॅक्टरवर किंवा बैलगाडीत बसवून गावातून मिरवतात, दारात औक्षण होतं, हातात गुलाब आणि नवी पुस्तकं पडतात. साहेब येतात, 'मुलांना रोज शाळेत पाठवा' असं पालकांना बजावतात आणि पुढच्या शाळेकडे निघतात. हा प्रवेशोत्सव बंद करा, असं मी म्हणणार नाही. माझं म्हणणं एवढंच, की शिक्षणाधिकाऱ्यानं त्या दिवशी उपदेश कमी करावा आणि हिशेब द्यावा. हिशेबाशिवायचं स्वागत गुलाबासारखंच संध्याकाळपर्यंत कोमेजतं.

उपदेशाची ही सवय जुनी आहे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा मूल न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला होता. त्या काळात ते धाडसाचंच पाऊल होतं. शाळा काय असते हेच ज्या घरांना ठाऊक नव्हतं, त्यांना उंबरठ्याबाहेर काढायचं होतं. पण 2009 चा शिक्षणहक्क कायदा वाचा, पारडं फिरलेलं दिसेल. पालकाचं कर्तव्य कलम 10 मध्ये एका वाक्यात संपतं, तेही दंडाशिवाय. कलम 9 मध्ये मात्र स्थानिक प्राधिकरणाच्या कामांची लांबलचक यादी आहे: हद्दीतल्या चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवणं, हजेरीवर लक्ष ठेवणं, स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणं. आता सांगा, पहिल्या दिवशी जाब कुणी कुणाला द्यायचा?

भुसावळजवळच्या दीपनगरसारख्या ठिकाणी हा प्रश्न जास्तच टोकदार होतो. वीजकेंद्राच्या वसाहतीत राज्याच्या कानाकोपऱ्यातून बदलून आलेली कुटुंबं राहतात, शेजारच्या वस्त्यांत कंत्राटी कामगार. तिकडे भुसावळ जंक्शनमुळे हिंदी बोलणारी घरं, इकडे यावल-रावेरच्या केळीबागांत मजुरीला आलेली आदिवासी कुटुंबं. घरात कुठे लेवा गणबोली, कुठे तावडी, कुठे अहिराणी. वर्गात मात्र पुस्तकी मराठी. अशा मुलाला पहिल्याच आठवड्यात पाढे आणि बाराखडीला जुंपणं म्हणजे काय, हे या सभागृहात वेगळं सांगायला नको. वीजकेंद्रातला थंड पडलेला संच कुणी एकदम लोडवर घेत नाही. आधी तेलावर लाइटअप, मग बॉयलर हळूहळू तापवणं, टर्बाइन पूर्ण वेगाला आणणं, ग्रिडच्या 50 हर्ट्झशी मेळ बसवणं. त्यानंतर जोडणी, आणि भार त्याच्याही नंतर. घर आणि शाळा यांचा मेळ असाच आधी बसवावा लागतो.

तो बसवता येतो, याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. 2022 साली 'पहिले पाऊल' नावाचं शाळापूर्व तयारी अभियान सुरू झालं. मेळाव्यात मांडलेल्या टेबलांवर मूल उड्या मारतं, वस्तूंचे गट लावतं, चित्र बघून गोष्ट सांगतं, आणि आई शेजारी उभी राहून पाहते. पुढचे काही आठवडे वस्तीतल्या मातांचे गट हाच खेळ घरी चालू ठेवतात. डाळ-तांदूळ वेगळे करणं हे वर्गीकरण आहे, हे तिला कळतं तेव्हा शाळा काय करते तेही कळतं. इथे आई नुसती सोहळा बघायला आलेली नसते, ती कामात वाटेकरी असते.

यावर पहिला आक्षेप येतो: पालक येतातच कुठे? पहिल्या पाळीचा माणूस दहा वाजता येणार कसा? खरं आहे. म्हणूनच सभा सकाळी एक आणि संध्याकाळी एक अशी घ्यावी. तीन पाळ्यांच्या गावात हे अवघड नाही. दुसरा आक्षेप असा, की अडाणी पालकाला हिशेबातलं काय कळणार? पण या हिशेबाला इंग्रजी लागत नाही. गावात सहा वर्षांची मुलं किती, त्यांपैकी पटावर किती; साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत, आहेत किती; पाचवीपर्यंत वर्षात दोनशे दिवस शाळा भरायला हवी, गेल्या वर्षी भरली किती. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, असं कायदा म्हणतो. पालकांना कळत नाही असं मानलं असतं, तर ही तरतूद झालीच नसती.

तिसरा आक्षेप खुद्द अधिकाऱ्यांचा, आणि तो वजनदार आहे. शिक्षकभरती राज्याच्या पवित्र पोर्टलवरून होते. रिक्त जागांचा जाब आम्ही का द्यावा? उत्तर साधं आहे. जे हातात नाही, ते हातात नाही असं फलकावर लिहावं. तसं लिहिलं, की पालकाचा राग वर्गातल्या एकट्या बाईंवर निघत नाही. अर्ज कुठे करायचा हे त्याला कळतं. लपवलेला आकडा अधिकाऱ्याला एक दिवस वाचवतो, मांडलेला आकडा त्याच्या मागे गाव उभं करतो.

तेव्हा तोरण लावा, औक्षणही करा. फक्त दाराशेजारी खडूनं चार आकडे लिहा आणि साहेबांना ते मोठ्यानं वाचायला सांगा. आणि पुढच्या जूनमध्ये त्याच फळ्यासमोर, जुन्या आकड्यांशेजारी नवे लिहून घ्या.