कळपाचा राखणदार
(वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला आज कुत्र्यावर बोलायचे आहे. आदिवासी सेवेच्या मेळाव्यात हा विषय कशाला, असे काहींना वाटेल. मी तीस वर्षे गुराढोरांच्या दवाखान्यात नोकरी केली आणि मलाही बरीच वर्षे तसेच वाटत होते. ते कसे बदलले, तेवढेच सांगतो.

निवृत्तीनंतर काही मित्रांबरोबर मी हिमाचल प्रदेशातील चंबा जिल्ह्यात, भरमौरच्या बाजूला, जनावरांच्या शिबिरांना जाऊ लागलो. हा गद्दी लोकांचा मुलूख. ही तिथली अनुसूचित जमात. मेंढ्या-शेळ्या घेऊन ते हिवाळ्यात खाली कांगडा, बिलासपूर, उनाकडच्या टेकड्यांत उतरतात आणि उन्हाळ्यात उंच खिंडी ओलांडून लाहौलच्या कुरणांत जातात. अंगात लोकरीचा जाड चोळा आणि कमरेला काळ्या लोकरीच्या दोराचे वेढे. वाटेत जन्मलेले कोकरू त्या चोळ्यातच छातीशी धरून नेतात. आपल्याकडे दिवाळीनंतर धनगरांचे वाडे कोकणाकडे उतरताना ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही.

प्रत्येक कळपाबरोबर दोन-तीन मोठी कुत्री असतात. त्यांना गद्दी कुत्रा म्हणतात. रुंद डोके, भरदार मान, पाठीवर वळलेली झुपकेदार शेपटी आणि दाट दुहेरी केस. बहुतेक काळी, कुणाच्या छातीवर किंवा पंजांवर पांढरा डाग. बिबट्या कुत्र्याची मान धरतो, म्हणून गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा बांधतात.

मेंढ्यांची कुत्री दोन प्रकारची असतात. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरचा बॉर्डर कॉली मेंढ्या हाकतो. १८९३ साली नॉर्थम्बरलंडमध्ये जन्मलेला ओल्ड हेम्प हा त्या जातीचा मूळपुरुष मानतात. तो दबकत येऊन मेंढ्यांकडे रोखून बघे आणि त्या नजरेनेच कळप वळे. गद्दी कुत्र्याचे मुख्य काम वेगळे. तो भरकटलेली मेंढी परत आणतो, पण खरे काम राखणीचे. मेंढ्यांवर नजर रोखण्याऐवजी तो मेंढ्यांकडे पाठ करून अंधाराकडे बघत बसतो. बिबट्या, अस्वल आणि चोर या तिघांसाठी.

हे त्याला शिकवावे लागत नाही, पण वाढवावे मात्र नीट लागते. पिलू तीन-चार आठवड्यांचे झाले की पुढचे दोन-तीन महिने ज्यांच्यात राहील, त्यांना ते आपले मानते. म्हणून गद्दी लोक पिलाला त्याच वयात मेंढ्यांत सोडतात. ज्यांच्यात ते झोपले, त्यांच्यासाठी पुढे जीव देते. ईयोबाच्या पुस्तकातही कळपाच्या कुत्र्यांचा उल्लेख आहे, इतकी ही सोबत जुनी आहे.

आता माझी चूक सांगतो.

पहिल्या वर्षी एक म्हातारबाबा तीनशेच्या आसपास मेंढ्या-शेळ्या घेऊन शिबिरात आले. आम्ही सगळ्या जनावरांना लस टोचली, जंताचे औषध पाजले. आमच्या तक्त्यात दोन रकाने होते, मेंढ्या आणि शेळ्या. काम संपल्यावर बाबांनी आपल्या भालू नावाच्या कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवून विचारले, "डॉक्टरसाब, आणि याचं?" मी म्हणालो, "पुढच्या वर्षी बघू, बाबाजी." माझ्याजवळ कुत्र्यांचे औषध नव्हते. खरे म्हणजे ते न्यावे असे मला सुचलेच नव्हते.

पुढच्या वर्षी बाबा आले, पण गप्प होते. हिवाळ्यात त्यांच्या पत्नीचे पोटाचे ऑपरेशन झाले होते. यकृतातून पाण्याने भरलेला मोठा फोड काढला होता. दोन शेळ्यांखेरीज बरेच काही विकावे लागले होते. डॉक्टरांनी सांगितले होते की हा आजार कुत्र्यापासून येतो. बाबांनी मला विचारले, "मग भालूला मारून टाकू का?"

बंधुभगिनींनो, त्या प्रश्नाचे उत्तर मला एक वर्ष आधीच द्यायला हवे होते.

या आजाराला हायडॅटिड म्हणतात. कुत्र्याच्या आतड्यात एक पट्टकृमी राहतो, तांदळाच्या दाण्याएवढा. त्याने कुत्र्याला काहीच त्रास होत नाही. त्याची अंडी विष्ठेतून गवतावर पडतात. मेंढी ते गवत खाते आणि तिच्या यकृतात, फुफ्फुसात पाण्याचे फोड होतात. मेंढी कापली की फोड आलेला भाग आपण खात नाही, कुत्र्यापुढे टाकतो. त्या फोडातून कुत्र्याच्या पोटात पुन्हा कृमी तयार होतात. हीच अंडी हाताला, पाण्याला, भाजीला लागून माणसाच्या पोटात गेली, तर फोड माणसात होतो. तो सावकाश, वर्षानुवर्षे वाढतो. म्हणजे बाबांच्या पत्नीचा फोड माझ्या एका वर्षाच्या हलगर्जीपणाने झाला नव्हता. पण त्यांच्या घरी पाच वर्षांची नात होती आणि ती भालूच्या पिलाला कुशीत घेऊन झोपत असे. तिच्यासाठी ते एक वर्ष फुकट गेले होते.

मी बाबांना म्हणालो, "मारू नका, बाबाजी. दोष त्याचा नाही. आपण त्याला जे खायला घालतो, त्याचा आहे." मग त्याच दिवशी आम्ही बसून चार गोष्टी ठरवल्या. कच्चे काळीज, फुफ्फुस कुत्र्याला घालायचे नाही. ते खोल पुरायचे किंवा चांगले उकळून मगच द्यायचे. दर तीन महिन्यांनी कुत्र्याला वजनाप्रमाणे पट्टकृमीचे औषध, प्राझिक्वांटेल, द्यायचे आणि त्यानंतरची विष्ठा पुरायची. कुत्र्याला हात लावल्यावर जेवणाआधी हात धुवायचे. आणि पिलू तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस, पुढे दरवर्षी.

ताकाबरोबर मक्याची रोटी खाऊन हा कुत्रा रात्रभर जागतो. तो नसेल तर बिबट्या एका रात्रीत कुटुंबाची वर्षाची कमाई संपवू शकतो. म्हणून त्याची काळजी म्हणजे त्या कुटुंबाची काळजी.

एक आनंदाची गोष्ट. जानेवारी २०२५ मध्ये कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने गद्दी कुत्र्याची देशी जात म्हणून नोंद केली. राजपालयम, चिप्पिपराई आणि मुधोळ यांच्यानंतरची ही चौथी आणि हिमालयातली पहिली. पण नोंद झाली की मागणीही वाढते. माझी आपणांस हात जोडून विनंती आहे, मुंबई-पुण्याच्या सदनिकेत ठेवण्यासाठी हे पिलू कुणी आणू नये. आपल्या उन्हाळ्यात ते दाट केस त्याला भट्टीसारखे होतील आणि राखायला कळप नसेल तर ते जिन्यात येणाऱ्या पाहुण्यांना राखू लागेल.

आपल्याकडे धनगरांच्या वाड्यावरही लांडग्याला रोखणारी कुत्री आहेत. त्यांचे नाव कुठल्या नोंदवहीत नाही, पण तीही तेच काम करतात, तेच कच्चे काळीज खातात आणि त्यांच्याही अंगावर मुले खेळतात. तेव्हा गावात, पाड्यावर जनावरांचे शिबिर असेल आणि आपण मदतीला जाल, तेव्हा तक्त्यात तिसरा रकाना आखा आणि विचारा, "कुत्री किती आहेत?"

तिसऱ्या वर्षी बाबा आले तेव्हा त्यांनी स्वतःच आधी भालूला पुढे केले. नात बरोबर होती. तिची सोनोग्राफी करून आणली होती आणि त्यात काही निघाले नव्हते. तिने भालूचे तोंड धरून ठेवले, मी गोळी घातली, आणि लगेच ती हात धुवायला नळावर पळाली.