दूरच्या माणसाचा आवाज सभेत पोहोचला पाहिजे

(शाखा पदाधिकाऱ्यांच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय आहे व्हिडिओ कॉन्फरन्स आणि जाहीर सभा. हा विषय साहेबलोकांचा आहे, असे काहींना वाटेल. मला तसे वाटत नाही. सामान्य माणूस उभा राहून प्रश्न विचारू शकतो अशा जागा थोड्या आहेत. सभा ही त्यांतली एक. तिथपर्यंत जो येऊ शकत नाही, त्याच्या नावाने दुसरेच लोक हात वर करतात.

कोण येऊ शकत नाही ते पाहा. नागपूर विभागात आमला-बैतूलकडचा ट्रॅकमन, सोलापूर विभागात थेट कर्नाटकात वाडीकडे राहणारा गेटमन, आडगावातल्या शाखा डाकघरातला डाकसेवक. गेटमनची पुष्कळ ठिकाणी १२ तासांची पाळी. त्याने सभेला कधी निघावे आणि परत कधी पोहोचावे? गावातही तीच गत. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली आणि ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले. आपल्याकडे ग्रामसभा भरतात त्या बहुधा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला. त्या दिवशी गाड्या बंद असतात काय? गावाच्या पाण्याचा आणि रस्त्याचा ठराव होतो, आणि आपला माणूस रुळावर असतो.

बंधूंनो, दूर बसून एकत्र बोलणे आपल्याला नवीन नाही. कंट्रोल फोनच्या एका तारेवर सेक्शनमधली सगळी स्टेशने असतात. कंट्रोलर बोलतो ते सगळ्यांना ऐकू येते. बोलणारा आधी आपल्या स्टेशनचे नाव सांगतो. आणि फाटक बंद केल्याचा निरोप नुसत्या ‘हो’वर पक्का धरत नाहीत, प्रायव्हेट नंबर द्यावा-घ्यावा लागतो. कोण बोलतो ते कळले पाहिजे, आणि ऐकले की नाही त्याची खात्री झाली पाहिजे. दूरच्या सभेचेही नियम हेच. पडद्यावर चित्र दिसले म्हणजे माणूस सभेत आला, असे होत नाही. त्याचे म्हणणे ऐकले गेले आणि इतिवृत्तात उतरले, तर तो आला.

साधने नाहीत म्हणाल तर तेही खरे नाही. सप्टेंबर २००० मध्ये रेलटेल स्थापन झाली आणि आपल्याच रुळांच्या कडेने ऑप्टिकल फायबर गेली. ती आज ६० हजार मार्ग किलोमीटरहून अधिक आहे. ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्याची योजना २०११ साली मंजूर झाली. तीच आजची भारतनेट. देशात सुमारे १ लाख ६४ हजार टपाल कार्यालये आहेत आणि त्यांतली दहात नऊ ग्रामीण भागात. म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा.

आणखी एक गोष्ट. २०२० साली सरकारने कंपन्यांना व्हिडिओ कॉन्फरन्सने वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यायची परवानगी दिली. भागधारक घरबसल्या सभेला हजर राहू लागला, मत देऊ लागला. भांडवलवाल्याला जी सोय मिळते, ती घाम गाळणाऱ्याला का मिळू नये?

पण साथींनो, डोळे उघडे ठेवा. या यंत्राला दोन तोंडे आहेत. आवाज बंद करायचे बटण ज्याच्या हाती, त्याच्या हाती सभा. उद्या वरचा साहेब म्हणेल, ‘तुम्ही कशाला येता, पडद्यावरच बोला,’ आणि गाऱ्हाणे दोन मिनिटांत गुंडाळेल. प्रकल्पांच्या जनसुनावणीचे पाहा. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे ती प्रकल्पाच्या जागी किंवा जवळपास घ्यायची असते आणि किमान ३० दिवसांची नोटीस द्यायची असते. ज्यांची जमीन जाते त्यांच्यासमोर अधिकाऱ्याने बसायचे, हा त्यातला अर्थ. पडदा आला म्हणून अधिकाऱ्याने गावात यायचे टाळले, तर आपण कमावलेले गमावले. म्हणून आपली भूमिका स्पष्ट हवी: पडदा सभेला जोड म्हणून, सभेच्या बदली नव्हे.

यासाठी आपल्या शाखांनी पुढील गोष्टींचा आग्रह धरावा.

१) सभेचे विषय आणि कागद आठ दिवस आधी, मराठीत आणि त्या भागातल्या भाषेत पोहोचावेत.

२) ज्याच्याकडे चांगला मोबाईल नाही, त्याला साध्या फोनवरून ऐकता-बोलता यावे. जवळच्या स्टेशनवर किंवा डाकघरात एकत्र बसायची सोय व्हावी.

३) दूरच्या सभासदाची हजेरी कोरममध्ये धरावी, आणि बोलण्याची पाळी त्याला आधी द्यावी. लाइन तुटली तर त्याची वाट पाहावी, ठराव उरकू नये.

४) ठराव मताला टाकण्यापूर्वी वाचून दाखवावा आणि प्रत्येक ठिकाणाहून ‘ऐकले’ असे कळवून घ्यावे. गुप्त मतदान पडद्यावर घेऊ नये.

५) ड्युटीवर असताना कोणीही सभेला फोन जोडू नये. सुरक्षेपुढे सभा नाही. म्हणून सभा दोन पाळ्यांना सोयीच्या अशा दोन वेळांना घ्यावी.

६) डाकघरात लोकांना पडद्यासमोर बसवायचे, तर ते काम ग्रामीण डाकसेवकाच्या ४ किंवा ५ तासांत फुकट कोंबू नये. त्याचा मोबदला ठरवून मगच काम द्यावे.

यांतल्या पहिल्या पाच गोष्टी आपल्याच शाखेच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत करता येतील. त्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही. आधी आपल्या घरात करून दाखवू, मग तहसील कचेरीत आणि डीआरएम ऑफिसात मागू. जो संघ आपल्या शेवटच्या गेटमनला बोलू देत नाही, त्याने सरकारकडे कोणत्या तोंडाने मागायचे?

फाटकावरचा माणूस एकटा असतो, पण त्याच्या हातात शेकडो प्रवाशांचे प्राण असतात. त्याच्यावर एवढा भरवसा टाकता, तर त्याचे मतही विचारा, एवढेच मला सांगायचे आहे.

कामगार एकजुटीचा विजय असो!