तिसऱ्या मजल्यावरची आजी
(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



माझ्या आजीला तुम्ही बावीस वर्षं पाहिलं आहे, त्यामुळे तिची ओळख मी काय करून देणार! पण नऊवारी नेसणारी, वालाचं बिरडं करणारी ही बाई ज्यू कशी, हा प्रश्न आजही कोणीतरी विचारतंच. म्हणून दोन शब्द.

आम्ही बेने इस्रायली. गलबत फुटून आमचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले, असं घरोघरी सांगत आले आहेत. कोकणात ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटलं. आमची जुनी माणसं प्रार्थनालयाला 'मशीद' म्हणत. आपल्या ठाण्याचं 1879 सालचं सिनेगॉगही आजीच्या तोंडी मशीदच होतं. "मशिदीत जाऊन येते," असं ती सांगायची, तेव्हा वॉचमनदादा पहिले काही दिवस चक्रावलेच होते.

आजीचे नियम पक्के. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत दिवा लागायचा. शनिवारी चूल नाही, लिफ्टचं बटण नाही. गुडघे दुखत असले तरी तीन जिने चढून यायची. मटणाबरोबर दूध-दही कधी नाही, रस्सा नारळाच्या रसातला. पण नियम तिचे तिच्यापुरते. "माझा शनिवार मी पाळते, तुमची चतुर्थी तुम्ही पाळा," म्हणायची आणि उपवासाची खिचडी मागून खायची. एकदा वार्षिक सभा शनिवारी संध्याकाळी ठरली. ती एक शब्द बोलली नाही. तेव्हाच्या सेक्रेटरींच्याच लक्षात आलं आणि सभा रविवारी झाली. तेव्हापासून ती रविवारीच होते.

1950 च्या सुमारास भारतात आमचे सुमारे 20 हजार लोक होते. नंतर बहुतेक जण इस्रायलला गेले. माझे दोन्ही काकाही गेले, अश्दोदला राहतात. आजोबा वारले तेव्हा काका हटून बसले, "आता आई, तू चल." आमच्याकडे कद्दीश म्हणायला दहा पुरुष लागतात. इथे फोन करकरून जमवावे लागतात, तिथे गल्लीतच मिळतील, हे त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. आजीने आठवडाभर विचार केला आणि म्हणाली, "तिथे प्रार्थनेला दहा पुरुष मिळतील रे. पण दुपारी दोन वाजता माझ्याशी मराठीत बोलायला कोण येईल?"

ती राहिली. त्याची किंमतही तिने मोजली. नातवंडं फोनवर हिब्रूत बोलायची आणि ती नुसती "बरं, बरं" म्हणायची. फोन ठेवल्यावर बराच वेळ गप्प असायची.

तीन वर्षांपूर्वी ती गेली. आमच्यात दफन लवकरात लवकर करतात, काकांसाठी थांबता आलं नाही. दहा पुरुष जमले, त्यांना आणायला सोसायटीतल्या चार गाड्या धावल्या होत्या. माती देताना बाबांनी आधी स्वतःची दिली. मग आपल्या पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यावरच्या दोन काकांना पुढे बोलावून म्हणाले, "माझ्या भावांच्या वाटची तुम्ही द्या." दोघांनी दिली. बाबांना मी तेव्हा पहिल्यांदा रडताना पाहिलं.

आता शुक्रवारचा दिवा मी लावते. धाकटा भाऊ शनिवारी लिफ्टने येतो, पण मोबाईल घरीच ठेवून जातो. तेवढी आजी त्याच्यात उतरली आहे. नवसाचा मलिदाही चालू आहे. गोड पोहे, ओला नारळ, खजूर, फळं असं ताट मांडून आम्ही एलियाहू हनाबीचं नाव घेतो. पूर्वी त्या ताटाभोवती आमचेच नातेवाईक मावत नसत. हल्ली निम्मी मंडळी तुम्ही असता.

पुढच्या मलिद्याचं आमंत्रण आत्ताच देते. पोहे आई भिजवेल, नारळ मी खवेन. तुम्ही फक्त वर या.