एक वावर, तीन विद्यापीठे



यवतमाळ जिल्ह्यात विद्येचे कार्यक्षेत्र कसे वाटले गेले आहे, हे पाहण्यासारखे आहे. येथील महाविद्यालयांत इतिहास आणि समाजशास्त्र शिकवले जाते ते १९८३ साली स्थापन झालेल्या अमरावतीच्या संत गाडगेबाबा विद्यापीठाच्या छत्राखाली. शेतीचे संशोधन अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे आहे. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी परीक्षा देतात ती नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. प्रशासनाच्या दृष्टीने ही विभागणी योग्यच आहे. परंतु कपाशीवर फवारणी करता करता वावरात कोसळलेला मजूर यांपैकी कोणत्या विद्यापीठाचा अभ्यासविषय मानायचा?

हा प्रश्न २०१७ च्या पावसाळ्यानंतर यवतमाळने अवघ्या देशासमोर ठेवला. त्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. शासनाने विशेष चौकशी पथक नेमले आणि पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर साठ दिवसांची बंदी घातली. त्याच वेळी एक सोपे उत्तरही सर्वत्र ऐकू येऊ लागले : मजुरांनी तोंडाला फडके बांधले नाही, हातमोजे घातले नाहीत, निष्काळजीपणा केला. हे उत्तर सर्वस्वी खोटे नाही, पण अपुरे मात्र निश्चित आहे. ते अपुरे का, हे समजून घेण्यासाठी प्रथम रुग्णालयात जावे लागेल.

रुग्णशय्येपाशी

मोनोक्रोटोफॉस किंवा प्रोफेनोफॉस यांसारखी सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके शरीरातील कोलिनएस्टरेज नावाचे विकर निकामी करतात. मज्जातंतूकडून स्नायूकडे संदेश नेणारे द्रव्य एरवी आपले काम संपताच नष्ट होते. विकर निकामी झाले की ते साचत राहते. डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, तोंडातून लाळ गळते, नाडी मंदावते, स्नायू फडफडतात, फुप्फुसांत स्राव भरतो आणि रुग्ण गुदमरू लागतो. अशा वेळी अ‍ॅट्रोपीनची मात्रा पाच-पाच, दहा-दहा मिनिटांनी वाढवत न्यावी लागते. धोका टळला असे वाटत असतानाच, एक ते चार दिवसांनी, श्वसनाचे स्नायू लुळे पडू शकतात. १९८७ साली श्रीलंकेतील वैद्यांनी या अवस्थेचे सविस्तर वर्णन केले. तेव्हा रुग्णाला वाचवते ते कृत्रिम श्वसनयंत्र आणि त्याच्या उशाशी अहोरात्र जागणारी परिचारिका.

या विषयावरील महत्त्वाचे संशोधन महानगरांतच झाले असे समजण्याचे कारण नाही. बारामती येथील वैद्यांनी दोनशे रुग्णांवर केलेली उपचार-चाचणी २००६ साली ‘लॅन्सेट’ या जगन्मान्य नियतकालिकात प्रसिद्ध झाली. प्रॅलिडॉक्सिम हे औषध अधूनमधून टोचण्यापेक्षा मोठ्या मात्रेत सलग दिल्यास मृत्यू घटतात, असा तिचा निष्कर्ष होता. पुढे २००९ मध्ये श्रीलंकेतील चाचणीत मात्र या औषधाचा लाभ आढळला नाही. वाद आजही पूर्ण मिटलेला नाही. परंतु महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी काम करणाऱ्या वैद्यांनी विचारलेल्या प्रश्नाला जगाला उत्तर शोधावे लागले, ही गोष्ट विसरता येणार नाही.

यवतमाळच्या वैद्यांपुढील अडचण आणखी निराळी होती. समोरचा रुग्ण नेमक्या कोणत्या विषाने ग्रासला आहे? अ‍ॅट्रोपीन सेंद्रिय फॉस्फरसावर चालते. त्या हंगामात वापरल्या गेलेल्या डायफेन्थ्युरॉनसारख्या द्रव्यांवर तर खास असा उताराच नाही. अनेक औषधे एकाच पिंपात कालवून फवारली गेली होती. म्हणून वैद्याने साहजिकच विचारावे, ‘काय फवारले होते?’ आणि पुष्कळदा उत्तर मिळावे, ‘ठाऊक नाही.’ अतिदक्षता विभागातील विद्या या उत्तरापाशी थबकते. पुढची वाट वावरातून जाते.

वावरात शिरल्यावर

‘ठाऊक नाही’ हे अज्ञान कोठून येते? बाटली मालकाने आणलेली असते. कोणती आणायची, हे कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर ठरलेले असते, आणि बहुधा उधारीवर. मिश्रण पिंपात तयार होते. मजुराच्या पाठीवर येतो तो भरलेला पंप. जेथे मजुरी पंपांच्या संख्येवर ठरते, तेथे थांबणे म्हणजे रोज बुडवणे. बाटलीवरील सूचना बारीक अक्षरांत, अनेक भाषांत छापलेल्या असतात आणि ती बाटली मजुराच्या हाती येतच नाही.

त्या वर्षी पऱ्हाटी नेहमीपेक्षा उंच, काही ठिकाणी डोक्याच्याही वर गेली होती. गुडघाभर झाडावर फवारा खाली पडतो, पुरुषभर झाडावर तो तोंडावर आणि छातीवर येतो. स्वस्तात मिळणाऱ्या बॅटरीवरील पंपांनी तुषार अधिक बारीक केले होते. ऑक्टोबरच्या दमट उकाड्यात रबरी मोजे आणि जाड अंगरखा घालून दिवसभर चालणे किती काळ शक्य आहे, हे पुण्या-मुंबईच्या कार्यालयात बसून ठरवता येत नाही. विकराची हानी दिवसागणिक साठत जाते. काल डोळे चुरचुरले, आज डोके जड झाले, तरी माणूस उद्या पुन्हा वावरात जातो आणि परवा कोसळतो.

असे तपशील जमवण्याच्या शास्त्राला विद्यापीठीय भाषेत गुणात्मक क्षेत्राभ्यास म्हणतात. त्यात प्रश्नावलीतील चौकटींवर खुणा करून भागत नाही. बांधावर बसावे लागते, एकाच माणसाकडे तीनदा जावे लागते, त्याच्या पत्नीचेही ऐकावे लागते. कारण विषाने भिजलेले कपडे धुणारे हात तिचे असतात. ही पद्धत आपल्याला परकी नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांनी महसूल खात्यातील अनुभवाच्या आधारे १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिला, तो याच नजरेने. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ ग्लेन स्टोन यांनी तेलंगणातील वरंगळ भागात कापूस उत्पादकांमध्ये दीर्घकाळ अभ्यास केला. बियाण्याचे वाण इतक्या वेगाने बदलत गेले की, शेतकऱ्याला स्वतःच्या अनुभवातून शिकण्याची उसंतच उरली नाही, असे त्यांनी २००७ मध्ये मांडले. पैनगंगेच्या अलीकडच्या शेतकऱ्याला ही गोष्ट अनोळखी वाटणार नाही.

पऱ्हाटीचा इतिहास

तरीही एक प्रश्न उरतो. कोरडवाहू काळ्या जमिनीत कापूस आणि कापसावर इतके विष, ही सांगड पडली कशी? येथे इतिहासाला बोलवावे लागते.

वऱ्हाडात कापूस प्राचीन आहे. इंग्रजांच्या आगमनापूर्वी बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर तो थेट मिर्झापूरपर्यंत नेत असत. १८५३ साली निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील रुई अडकली आणि इंग्लंडमधील गिरण्यांची दृष्टी वऱ्हाडाकडे वळली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत आली. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खामगावच्या लोहमार्गाचे उद्घाटन झाले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी सुरू झाली. तीच आपली ‘शकुंतला’. रेल्वेने बंजाऱ्यांची वाहतूक संपवली आणि त्यांतील अनेक कुटुंबे शेतीकडे, मजुरीकडे वळली. लक्ष्मण सत्या यांनी ‘कॉटन अँड फॅमिन इन बेरार’ या १९९७ च्या ग्रंथात कापसाचा विस्तार आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे दुष्काळ यांचा संबंध दाखवला आहे. ज्वारीचे आणि चराईचे क्षेत्र आक्रसले, बाजाराशी बांधलेली शेती वाढली आणि पाऊस फसताच घरात ना धान्य उरले, ना पैसा.

पुढचा अध्याय बियाण्याचा. देशी कापसाचा धागा आखूड, पण रस शोषणाऱ्या किडींपुढे झाड चिवट. १९७० मध्ये सुरतेस ‘एच-४’ हा जगातील पहिला व्यापारी संकरित कापूस आला. लांब धागा आला, उत्पन्न वाढले, त्याबरोबर खत आणि फवारणीही आली. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि बोंडअळीवरील फवारे काही वर्षे घटले. परंतु गुलाबी बोंडअळीने त्यावरही मात केली आणि २०१७ मध्ये ती महाराष्ट्रभर पसरली. त्या वर्षीच्या मजुराच्या पाठीवरील पंपात असा दीडशे वर्षांचा इतिहास भरलेला होता. त्याला केवळ निष्काळजी म्हणणे म्हणजे हा सारा इतिहास नाकारणे होय.

तिन्ही विद्या एकत्र आल्या तर

अशा एकत्रित ज्ञानाचा उपयोग काय, असे कोणी विचारील. श्रीलंकेचे उदाहरण बोलके आहे. रुग्णालयांतील मृत्यूंच्या नोंदींतून कोणती द्रव्ये सर्वाधिक घातक आहेत हे कळले आणि १९९५ मध्ये त्या देशाने मोनोक्रोटोफॉससह अत्यंत विषारी कीटकनाशके बंद केली. पुढील वर्षांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण लक्षणीय घटले. आपल्याकडे मोनोक्रोटोफॉसला २००५ मध्ये भाजीपाल्यावर मनाई झाली. त्याचे सर्वाधिक वापरले जाणारे ३६ टक्के द्रावण टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा आदेश निघाला तो २०२३ मध्ये. श्रीलंकेनंतर अठ्ठावीस वर्षांनी. या दोन तारखांमधील अंतर ज्यांनी भोगले, त्यांत यवतमाळची माणसे आहेत.

म्हणून अपेक्षा फार मोठ्या नाहीत. विषबाधेच्या प्रत्येक रुग्णाची नोंद करताना द्रव्याचे नाव, पंपाचा प्रकार, पिकाची उंची आणि मजुरीची पद्धत लिहिली जावी. रुग्ण घरी परतल्यावर समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने आठवडाभरात त्याच्या वावरापर्यंत जावे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्या गावचे जुने पीकपेरे आणि सातबारे वाचून कोणते पीक केव्हा हटले ते सांगावे. कृषी विद्यापीठाने त्यावरून फवारणीचा सल्ला बदलावा. हा अभ्यास प्रबंधाच्या बांधणीत बंद न राहता पुढच्या पोळ्यापूर्वी त्याच गावच्या ग्रामसभेत, त्याच लोकांसमोर वाचला जावा. ज्याचे दुःख अभ्यासले, त्याला निष्कर्ष ऐकण्याचा पहिला अधिकार आहे.

या जिल्ह्यातील कित्येक मध्यमवर्गीय घरांचे आजोबा पऱ्हाटीच्याच उत्पन्नावर शिकले. त्या घरांतील मुले-मुली आज वैद्यक, कृषी, समाजशास्त्र अशा शाखांत आहेत. संशोधनाचा विषय निवडण्याची वेळ आली की त्यांनी आपल्या गावच्या बांधाकडे एकदा पाहावे. रुग्णशय्येवरून ‘ठाऊक नाही’ असे उत्तर आले, तर ते शोधण्याची जबाबदारी शिकलेल्यांची आहे. मृग दरवर्षी येतो, त्यामागून फवारणीही येते. त्याआधी एवढे काम व्हावे.