डिमसमच्या शोधांत

चिनी खाण्याविषयीं बोलण्याचा अधिकार या शाळामास्तराला कोणीं दिला, असा प्रश्न आपणांपैकीं पुष्कळांना पडला असेल. मॅट्रिकपुढें माझी मजल गेली नाहीं, आणि उभें आयुष्य माझगांवच्या एका शाळेंत मुलांना भूगोल व गणित शिकविण्यांत गेलें. पाकशास्त्रांत माझी गति चहा करण्यापलीकडे नाहीं. परंतु एका पदार्थाचा शोध घेतां घेतां मला माझीच एक जुनी चूक सांपडली. ती आज आपणांपुढें सांगावी, असें मनांत आहे.

गोष्ट १९९१ सालची. वर्गांत आशिया खंडाचा धडा चालला होता. चीन देशाचें वर्णन करतांना मुलांना हंसवावें म्हणून मीं एक विनोद केला. चार पायांच्या वस्तूंपैकीं चिनी माणूस फक्त टेबल तेवढें खात नाहीं, असा तो शिळा विनोद. सारा वर्ग खदखदून हंसला. मागल्या बांकावर चिनी वंशाचा एक मुलगा बसत असे. जन्म मुंबईचा, मराठी तुमच्याआमच्यासारखें बोलणारा. तो हंसला नाहीं. मधल्या सुटींत मी व्हरांड्यांतून जात असतां तो भिंतीकडे तोंड करून, डब्यावर झांकण आडवें धरून खातांना मला दिसला. माझ्या ध्यानांत सर्व आलें, पण मी कांहीं बोललों नाहीं. पुढें वर्षभरांत तें कुटुंब मुंबई सोडून गेलें.

माझगांवांत हीं कुटुंबें आलीं कोठून, याची चौकशी मीं पुष्कळ उशीरां केली. तेथें नबाब टँक रस्त्यावर एक लहानसें चिनी देऊळ आहे. १९१९ सालीं बांधलेलें हें देऊळ ‘सी यूप कून’ या नांवानें ओळखलें जातें. ‘सी यूप’ म्हणजे चार परगणे, आणि हे परगणे दक्षिण चीनमधील ग्वांगडोंग प्रांतांतले. ज्याला आपण पूर्वीं कँटन म्हणत असूं तें ग्वांगझाऊ शहर याच प्रांताची राजधानी. तिकडून आलेले खलाशी व कारागीर गोदीच्या आश्रयानें येथें राहिले. १९६२ च्या युद्धानंतर आपल्या देशांतील सुमारें ३,००० चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानांतील देवळीच्या छावणींत ठेवण्यांत आलें. पुष्कळांनीं नंतर देशच सोडला. मागें राहिलीं तीं थोडीं घरें. त्यांतल्याच एका घरचा तो मुलगा.

आतां डिमसमकडे वळतों. आपल्याकडे ‘चायनीज’ म्हटलें कीं हातगाडीवरच्या तांबड्यालाल शेवया आणि मांचुरियन डोळ्यांपुढें उभें राहतें. हें मांचुरियन मुंबईचेंच अपत्य आहे. नेल्सन वाँग या कलकत्त्यांत जन्मलेल्या चिनी स्वयंपाक्यानें १९७५ सालीं मुंबईंत तें प्रथम केलें, असें सांगतात. आलें, लसूण, हिरवी मिरची हें सगळें आपलें, आणि त्यांत घातलेला सोयाचा रस तेवढा चिनी. मला तें आवडतें. त्याला नांवें ठेवण्याचा माझा हेतु नाहीं. परंतु तेंच चिनी जेवण, अशी समजूत मात्र चुकीची.

डिमसम हा ग्वांगडोंगचा, आणि त्यालगतच्या हाँगकाँगचा, फराळ. हा शब्द ज्या दोन चिनी अक्षरांनीं लिहितात त्यांतल्या पहिल्याचा एक अर्थ हलका स्पर्श आणि दुसऱ्याचा हृदय. २०१८ च्या डिसेंबरांत आम्ही उभयतां हाँगकाँगला मुलाकडे गेलों. तो तिकडे नोकरीस होता. पहिल्याच संध्याकाळीं मीं हौसेनें डिमसमची फर्माईश केली. प्रवाशांच्या वर्दळीच्या एका उपाहारगृहांत आम्ही शिरलों. टोपली आली ती निवत आलेली. आंतल्या पुड्यांची पारी जाड, आणि ती खालच्या कागदाला अशी चिकटली कीं उचलतांच सारण टोपलींत व पारी काडींत. मी हिरमुसलों. तेव्हां चिरंजीव म्हणाले, “बाबा, रात्रीं आठ वाजतां कोणी कांदेपोहे मागतो का? रविवारीं सकाळीं जाऊं.”

खरी गोष्ट तीच होती. डिमसमची वेळ सकाळपासून दुपारपर्यंतची. तेथील लोक ‘डिमसम खायला चला’ म्हणण्याऐवजीं ‘यम चा’ म्हणतात. त्याचा अर्थ चहा पिणें. खाणें हें चहाच्या सोबतीला. रविवारीं आम्ही गेलों त्या ठिकाणीं दाराशीं रांग होती, आणि रांगेंत आजी, आजोबा, सुना, नातवंडें अशीं भरलेलीं घरेंच्या घरें होतीं. बसतांच प्रथम चहा आला. त्याच ऊन चहानें लोकांनीं आपापल्या वाट्या व काड्या विसळून घेतल्या. किटलींतला चहा संपला कीं झांकण कलतें ठेवायचें, म्हणजे वाढणारा न बोलावतां पाणी घालून जातो. कोणी आपला पेला भरला तर टेबलावर दोन बोटें हलकेच वाजवायचीं. याची एक आख्यायिका आहे. छियेनलुंग बादशहा वेष पालटून हिंडत असतां त्यानें एका सेवकाला चहा ओतून दिला. सेवकाला साष्टांग प्रणाम घालतां येईना, कारण गुपित फुटलें असतें. म्हणून त्यानें बोटें वांकवून नमस्कार केला. आख्यायिका खरी असो वा नसो, तो नमस्कार मात्र अजून चालूं आहे.

शेजारच्या टेबलाशीं एक वृद्ध बाई टोपलींतला पहिला घांस उचलून नातवाच्या वाटींत ठेवीत होती. आमचा मुलगा त्या दोन तासांत जितका बोलला तितका सबंध आठवड्यांत बोलला नव्हता. त्याच्या कचेरींतल्या अडचणी मला त्या दिवशीं प्रथम कळल्या.

चांगलें डिमसम ओळखावें कसें, हें मात्र मला माझ्या सौभाग्यवतीनें शिकविलें. ‘हार गाउ’ नांवाची कोळंबीची पुडी पुढें येतांच ती म्हणाली, “अहो, हा तर मोदकच!” श्रोतेहो, तिचें म्हणणें अक्षरशः खरें आहे. गव्हांतील चिवटपणा धुऊन काढल्यावर उरणारें पांढरें पीठ आणि ज्या कंदापासून आपण साबुदाणा करतों त्याचें पीठ एकत्र करून त्यांवर उकळतें पाणी ओततात, आणि उकडीसारखें तें ऊन असतांनाच मळतात. त्यांत चिवटपणा नसल्यामुळें निवलेलें पीठ चिरतें. पारी पातळ लागते, तिला एका बाजूनें कळ्या पाडतात, आणि पुडी वाफेवर ठेवतात. कळ्या निदान सात असाव्यात. निष्णात हात दहाहून अधिक पाडतो. उत्तम हार गाउची पारी इतकी पारदर्शक असते कीं आंतल्या कोळंबीचा गुलाबी रंग बाहेरून दिसतो. काडीनें उचलली तरी ती फाटत नाहीं. गणेशचतुर्थीला सासूबाई ज्या नजरेनें सुनेचा मोदक पाहतात, तीच ही नजर.

म्हणून माझा सल्ला असा. नव्या ठिकाणीं प्रथम हार गाउ मागवावा. तो साधला असेल तर बाकीचे पदार्थ बहुधा चांगले निघतात. थोडें थोडें मागवावें, कारण निवलेल्या टोपलीची चव पुन्हां येत नाहीं. दिवाणखान्याच्या थाटावर जाऊं नये. ‘टिम हो वान’ हें हाँगकाँगचें दुकान २००९ सालीं अगदीं लहान जागेंत निघालें, आणि २०१० च्या मिशलिन मार्गदर्शिकेंत त्याला तारा मिळाला. जुनेपणाचाच शौक असेल त्यानें १९३३ सालीं निघालेलें ‘लुक यू’ चहागृह पाहावें. शाकाहारी मंडळींनीं मात्र जपावें. तेथें पांढऱ्या मुळ्याच्या वड्या करतात. त्या प्रथम उकडून मग तव्यावर परततात, आणि दिसतात अगदीं सोवळ्या. परंतु आंत सुकी कोळंबी व डुकराचें मांस असण्याचा संभव फार. अशा वेळीं संकोच न करतां विचारावें, हेंच बरें.

मुंबईस परत आल्यावर मीं बराच शोध केला. मोठ्या हॉटेलांत डिमसम मिळतें, पण तें रात्रीच्या जेवणाआधीं तोंडीं लावण्यापुरतें. चहा नाहीं, सकाळ नाहीं, आजीही नाहीं. अखेर २०२० च्या जानेवारींत कलकत्त्याला जाण्याचा योग आला तेव्हां सकाळीं सहा वाजतां मी टिरेटा बाजारांत हजर झालों. तेथील जुन्या चिनी वस्तींतले लोक रस्त्याच्या कडेला वाफाळतीं भांडीं घेऊन बसतात, आणि उन्हें वर येण्यापूर्वीं सारें संपतें. एका म्हाताऱ्या बाईपुढें चारपांच टोपल्या होत्या. मीं विचारलें, “बाई, यांत काय आहे?” तिनें एकेक झांकण उघडून हिंदींत सांगितलें, यांत कोंबडी, त्यांत मासा, यांत डुक्कर, तें तुम्ही खातां कीं नाहीं? सांगतांना तिला आनंदच वाटत होता.

मीं माशाच्या दोन पुड्या घेऊन तेथेंच पदपथावर उभ्यानें खाल्ल्या. पारी पातळ होती. खातांना मला तो आडवें झांकण धरलेला डबा आठवला. ‘बाळ, तुझ्या डब्यांत काय आहे?’ एवढा एक प्रश्न त्या दिवशीं व्हरांड्यांत मीं विचारला असता, तर त्यानें कदाचित् झांकण उघडून दाखविलें असतें. तो प्रश्न तोंडांतून निघायला मला जवळजवळ तीस वर्षें लागलीं, आणि निघाला तेव्हां ऐकणारें माणूस दुसरेंच होतें.

आपल्या मुलांच्या वर्गांत, शेजारीं, कचेरींत असा एखादा डबा असेल. त्याविषयीं विनोद करण्यापूर्वीं आपण तो प्रश्न अवश्य विचारा.