प्रत्येक पुस्तकाचा बाजार वेगळा

बोलणाऱ्याची बोरं विकतात आणि न बोलणाऱ्याचे आंबेही पडून राहतात, असं आपल्याकडे म्हणतात. हे बोलणं बाजारातलं आहे. आज मी ते पुस्तकांना लावून पाहणार आहे. तुम्ही म्हणाल, ग्रंथ म्हणजे सरस्वतीचं काम, त्याला बोरांच्या पाटीशेजारी कशाला बसवता? पण जरा आपल्या भोवती पाहा. गावोगावी लिहिणारी माणसं आहेत. कुणी प्राथमिक शाळेतले गुरुजी आहेत, कुणी ग्रामसेवक आहेत, कुणी शेती सांभाळून कविता करतात. पदरचे पैसे घालून ते पुस्तक छापतात. समजा, छापखान्यातून पाचशे प्रती घरी आल्या. शंभरेक प्रती पाहुण्यारावळ्यांत वाटल्या जातात, पाचपन्नास प्रकाशनाच्या दिवशी खपतात आणि उरलेले गठ्ठे माळ्यावर चढतात. पुढचं काम वाळवी करते.

यात नुकसान केवळ पैशांचं होत नाही. त्या पुस्तकात एखाद्या गावची बोली असते, एखाद्या दुष्काळाची हकीकत असते, नाहीशा झालेल्या एखाद्या धंद्याची माहिती असते. ती दुसरीकडे कुठेही लिहिलेली नसते. वाचक मिळाला नाही की लिहिणारा मनात खट्टू होतो आणि पुन्हा लेखणी हाती धरत नाही. म्हणून लेखकाला वाचक कसा मिळतो, हा प्रश्न शहरातल्या प्रकाशकांइतकाच तुमचा-आमचाही आहे.

मला वाटतं, याचं उत्तर बाजारातच आहे. बैलांचा बाजार वेगळा भरतो आणि भाजीचा वेगळा. उत्तम खिलारी जोडी भाजीबाजारात नेऊन उभी केली, तर गिऱ्हाईक मिळणार नाही. उलट लोक म्हणतील, वाटेतून बाजूला घ्या. दोष बैलांचा नाही, जागेचा आहे. पुस्तकांचंही तसंच आहे. कविता, कादंबरी, रहस्यकथा, मुलांच्या गोष्टी, माहितीचे ग्रंथ, आत्मकथन, या प्रत्येकाचा वाचक निराळ्या ठिकाणी बसलेला असतो. ज्यांनी ते ठिकाण ओळखलं, त्यांची पुस्तकं चालली.

प्रथम कविता घेऊ. कवितेचा वाचक आधी श्रोता असतो. संतांचे अभंग छापखाना येण्याच्या कितीतरी आधी घरोघर पोचले होते. त्यांना कीर्तनाने आणि भजनाने पोचवलं. पुढे १९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ निघालं. माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश वगैरे कवी त्यात होते. ही मंडळी आपल्या कविता जाहीरपणे गाऊन दाखवू लागली. त्या काळी काही जाणत्या टीकाकारांनी नाकं मुरडली. कविता काय गायची वस्तू आहे, असं त्यांचं म्हणणं. पण ऐकलेली कविता लोकांच्या ओठांवर बसली आणि मग त्यांनी पुस्तक शोधलं. नंतरच्या पिढीत विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर या तिघांनी मिळून महाराष्ट्रभर काव्यवाचनं केली. तिघांची धाटणी निरनिराळी, आवाज निराळे, विचारही निराळे. तरी एकाच मंचावर ते वर्षानुवर्षं बसले. पाडगावकरांसाठी आलेला माणूस जाताना करंदीकरांची कविताही मनात घेऊन जाई. एकाचा वाचक दुसऱ्याने पळवला, असं झालं नाही. तिघांचेही वाचक वाढले.

बहिणाबाईंची हकीकत तर तुम्हाला ठाऊक असेलच. खानदेशातल्या या माउलीला लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात आणि जात्यावर ती ओव्या रची. मुलगा सोपानदेव आणि त्यांचा मावसभाऊ यांनी त्यातल्या काही उतरून ठेवल्या. १९५१ साली बहिणाबाई वारल्या. सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली, आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. अत्रे स्वतः कवी होते. दुसऱ्याच्या कवितेसाठी त्यांनी आपला शब्द खर्ची घातला. ती वही कुणाला दाखवलीच नसती, तर आज आपल्या क्रमिक पुस्तकांत त्या कविता कुठून आल्या असत्या?

आता कादंबरीकडे वळू. कादंबरी लांबलचक, किंमत जास्त. अनोळखी लेखकाची कादंबरी एकदम विकत कोण घेणार? हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि त्यात आपल्या कादंबऱ्या क्रमशः दिल्या. ‘पण लक्षात कोण घेतो’ लोकांनी आधी अशीच, प्रकरणाप्रकरणाने वाचली. पुढच्या अंकात यमूचं काय होणार, याची वाट पाहता पाहता मराठी माणसाला कादंबरी वाचायची सवय लागली. त्यानंतर १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला. मराठीतला दिवाळी अंक म्हणतात तो इथून सुरू झाला. फराळाच्या ताटाबरोबर कथा-कविता घरात येऊ लागल्या. आजही नव्या कथाकाराची पहिली ओळख वाचकाला बहुधा दिवाळी अंकातच होते. एकट्याचं पुस्तक घ्यायला माणूस बिचकतो. पण पंधरा लेखकांच्या पंगतीत सोळावा नवा बसला, तर त्यालाही वाढलं जातं.

रहस्यकथेची तऱ्हा याहून वेगळी. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. ‘झुंजार’ आणि ‘काळा पहाड’ ही त्यांची पात्रं एके काळी मुलाबाळांच्या तोंडी होती. पुस्तक लहान, किंमत खिशाला झेपणारी, नायक ओळखीचा आणि गोष्ट नवी. एक वाचून संपते तोच दुसरी तयार. वाचकाने लेखकाचा पत्ता एकदा शोधला की पुन्हा शोधावा लागत नसे. पंडितांनी या पुस्तकांना साहित्यात जागा दिली की नाही, हा वाद निराळा. पण अनेकांना वाचनाची गोडी याच पुस्तकांनी लावली आणि त्यातले काही जण पुढे जड ग्रंथांकडेही वळले.

माहितीच्या ग्रंथाचा रस्ता खडतर. डॉक्टर श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ करायचं मनात घेतलं, तेव्हा त्यांच्यामागे कुणी राजा नव्हता की सरकार नव्हतं. त्यांनी त्यासाठी कंपनी काढली, भागभांडवल उभारलं, ग्रंथ तयार होण्याआधीच वर्गणीदार मिळवले. गावोगाव हिंडून, माणसं पटवून, २३ खंडांचं काम त्यांनी तडीस नेलं. पेरणीआधी गिऱ्हाईक बांधून ठेवावं, तसलीच ही रीत. आजही जिल्ह्याचा इतिहास, बोलीचा कोश किंवा वनस्पतींची माहिती लिहिणाऱ्याला हाच मार्ग उपयोगाचा आहे. छापण्याआधी शंभर माणसं पैसे भरायला राजी आहेत का, एवढं पाहिलं तरी माळ्यावर गठ्ठे चढणार नाहीत.

आता आत्मकथनाचं पाहा. ग्रंथाली ही वाचकांची चळवळ १९७०च्या दशकात सुरू झाली. वाचकांनी सभासद व्हावं आणि त्यांना स्वस्तात चांगली पुस्तकं मिळावीत, असा तिचा बेत. ग्रंथयात्रा काढून या मंडळींनी पुस्तकं गावोगाव नेली. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ मध्ये आणि लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’ १९८० मध्ये ग्रंथालीनेच काढलं. ज्यांच्या आयुष्याला तोवर पुस्तकात जागा नव्हती, त्यांचं आयुष्य हजारो घरांत वाचलं गेलं.

आणि पुस्तकांची खरी जत्रा पाहायची असेल तर नागपूरला दीक्षाभूमीवर जा, किंवा ६ डिसेंबरला मुंबईत दादरला चैत्यभूमीवर जा. लांबलांबच्या खेड्यांतून माणसं येतात. कुणी भाकरी बांधून आणलेली असते. परतीच्या वाटेला लागताना त्यांच्या पिशवीत पुस्तकं असतात. तिथे मोठ्या ग्रंथांशेजारी पाचदहा रुपयांच्या पुस्तिकाही मांडलेल्या असतात. खेड्यातला माणूस पुस्तक विकत घेत नाही, असं जे म्हणतात, त्यांनी हे एकदा डोळ्यांनी बघावं. त्याच्या जगण्याशी पुस्तकाचं नातं असलं आणि ते त्याच्या वाटेवर ठेवलं, तर तो नक्की घेतो.

हे सारं ऐकून तुम्ही विचाराल, मोठ्यांच्या गोष्टी ठीक आहेत, पण आमच्या गावच्या लेखकाने काय करावं? माझ्या मते तीन गोष्टी कराव्यात.

पहिली गोष्ट, पुस्तक लिहितानाच त्याचा बाजार ठरवावा. तुमचं पुस्तक ठिबक सिंचनावर असेल, तर ते साहित्य संमेलनात मांडण्यापेक्षा कृषिप्रदर्शनात आणि खताच्या दुकानात ठेवा, आणि तेही पेरणीच्या आधी. गावच्या दैवताची माहिती असेल, तर यात्रेत ठेवा. मुलांच्या गोष्टी असतील, तर शाळेत जाऊन सांगा. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ रात्र पहिली, रात्र दुसरी अशी मांडलेली आहे. रोज रात्री एक आठवण सांगायची, असा तिचा घाट. म्हणून ती घरोघर मोठ्याने वाचली गेली. पुढे १९५३ साली अत्र्यांनी तिच्यावर चित्रपट काढला आणि ज्यांना वाचता येत नव्हतं, त्यांच्यापर्यंतही ती पोचली.

दुसरी गोष्ट, आपल्यासारखं लिहिणाऱ्यांना शत्रू मानू नये. तालुक्यात पाच कवी असतील तर पाचांनी मिळून बसावं. एकमेकांची पुस्तकं आपल्या पिशवीत ठेवावीत. आपल्या कार्यक्रमात दुसऱ्याची एक कविता म्हणावी. ज्याला एक रहस्यकथा आवडली तो दुसरी मागतोच. भाकरी वाटली तर कमी होते. वाचक वाटला तर कमी होत नाही.

तिसरी गोष्ट, वाटण्यापेक्षा वाचून दाखवावं. फुकट मिळालेलं पुस्तक बहुधा कपाटात जातं. चारचौघांत दोन पानं वाचली आणि ऐकणाऱ्याने स्वतः किंमत विचारली, तर ती प्रत नक्की उघडली जाते. आजकाल हातोहाती मोबाईल आहेत. त्यावर अख्खं पुस्तक धाडून देऊ नका. आठवड्याला एकच कविता, एकच प्रसंग पाठवा, आणि तोही स्वतःच्या आवाजात. रोज उठून ‘माझं पुस्तक घ्या’ म्हणणाऱ्याला लोक टाळतात. चांगली गोष्ट सांगणाऱ्याची वाट पाहतात.

आता शिक्षक बंधुभगिनींना थोडं सांगायचं आहे. गावात पुस्तक आणि वाचक यांची गाठ घालून देणारे तुम्हीच आहात. पण एक पथ्य सांभाळा. वर्गातल्या मुलांना आपलं किंवा आपल्या मित्राचं पुस्तक सक्तीने घ्यायला लावू नका. मुलगा भिडेपोटी पैसे आणेल, आई कुठून तरी ते देईल, आणि त्या घरात पुस्तकाविषयी राग मात्र कायमचा बसेल. सक्तीने प्रती खपतात, वाचक तयार होत नाही. तसंच, पुस्तक छापून देतो, पुरस्कारही मिळवून देतो, असं सांगून पैसे मागणारेही भेटतात. असला पुरस्कार भिंतीवर टांगता येतो, पण त्याने एकही वाचक मिळत नाही, हे नव्या लेखकाला वेळीच सांगा.

तुम्हाला करण्याजोगं पुष्कळ आहे. महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि त्याच्या आधाराने हजारो गावांत वाचनालयं उभी राहिली. तुमच्या गावच्या वाचनालयात एक फळी तालुक्यातल्या लेखकांसाठी मागून घ्या. सातारा जिल्ह्यातल्या भिलार गावात २०१७ सालापासून घराघरांत पुस्तकं मांडलेली आहेत. कादंबरी एका घरी, कविता दुसऱ्या घरी, मुलांची पुस्तकं तिसऱ्या घरी. येणारा माणूस आपल्या आवडीच्या घरात शिरतो. सगळ्या गावांना एवढं जमणार नाही. एका घराला, एका पाराला, एका किराणा दुकानाला मात्र जमेल.

आणि शनिवारी सकाळची शाळा असते, तेव्हा शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा. आपल्याच भागातल्या एखाद्या लेखकाचं पुस्तक घ्या आणि दोन पानं मोठ्याने वाचा. वाचताना गोष्ट अशा जागी थांबवा की मुलांनी विचारावं, पुढं काय झालं, गुरुजी? मग सांगा, पुस्तक कपाटात आहे, आणि कपाटाला कुलूप नाही.